न्यूट्रलची बचत महागात पडते

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना अनेक ट्रकचालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकतात. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्या चेपल्या. चालकाने इंजिनच बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले.

मुळात हा हिशेबच चुकीचा. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधनपुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

खरी बचत सपाट रस्त्यावर होते: ताशी 45 ते 55 किलोमीटरचा स्थिर वेग, टायरमध्ये योग्य हवा, लांब सिग्नलला इंजिन बंद. वाहतूकदारांनी चालकांना हे शिकवावे आणि उतारावर न्यूट्रलला सक्त मनाई करावी.