पीळ

जुलैतल्या रणरणत्या उन्हात सगळं गाव थंडीच्या गोष्टी सांगत होतं. गाव अमेरिकेतल्या साउथ डकोटाचं, डी स्मेट. वस्ती जेमतेम हजार. जुलैतल्या सुटीच्या संध्याकाळी गावकरीच उघड्या माळावर पहिल्या वसाहतकऱ्यांचं नाटक करतात. कुंच्यासारख्या टोप्या घातलेल्या पोरी प्रेक्षकांतही दिसतात.

लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेचं किशोरवय इथे गेलं. १८८०-८१च्या हिवाळ्यात बर्फाने रेल्वे अडली, महिनोन्‌महिने गाडी आली नाही. कोळसा संपला, पीठ संपलं. लोकांनी चुलीत गवत जाळलं आणि कॉफीच्या चक्कीत गहू दळला.

इंगल्सांच्या जमिनीवर आज पाहुण्यांनाही हे करून बघता येतं. मी गवत घेतलं. दोन्ही हातांनी पिळत राहायचं. पीळ पुरेसा बसला की ते आपोआप मधोमध दुमडतं, मग टोक आत खोचायचं. माझं दोनदा उलगडलं. तिसऱ्यांदा वीतभर कांडी जमली, तोवर तळहातात कुसळं शिरली होती. एवढी कांडी किती वेळ जळणार? शेजारी भाची चक्की फिरवत होती. बराच वेळ फिरवून ओंजळभर भरड निघाली. ‘‘मामा, यात एक भाकरीसुद्धा होणार नाही,’’ ती म्हणाली.

येताना तिने मिनेसोटातल्या मँकेटोला गाडी थांबवली होती. तिथला चौदा नंबरचा हायवेच पुढे डी स्मेटला जातो. मँकेटोच्या बागेत अडतीस नावं लिहिली आहेत. १८६२मध्ये सरकारने करारात कबूल केलेले पैसे वेळेवर आले नाहीत, गोदामातलं धान्य मिळेना, आणि इथले मूळ रहिवासी, डकोटा लोक, उपाशीपोटी लढाईला उठले. २६ डिसेंबरला त्यांच्यातल्या अडतीस जणांना एकाच वेळी फाशी दिली. त्या यादीला मंजुरी होती अध्यक्ष लिंकन यांची. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी आणखी एका कागदावर सही केली होती : पाच वर्षं राहून जमीन कसा, १६० एकर तुमची. आपल्या कानांना हे ‘कसेल त्याची जमीन’सारखं गोड वाटतं. फक्त ती जमीन आधी कुणाची होती, ते मँकेटोच्या नावांत वाचावं लागतं.

डी स्मेटच्या लोकांची भूक खरी होती, हे माझे हात सांगत होते. पण त्याच रस्त्यावर अठरा वर्षं आधीही एक भूक होती, आणि तिच्यासाठी माळावर नाटक होत नाही. तिची आठवण वेगळी. २००८पासून कितीतरी वर्षं डकोटा स्वार साउथ डकोटातून घोड्यांवर निघत आणि शेकडो मैल तुडवत २६ डिसेंबरला मँकेटोला पोचत. ऐन हिवाळ्यात, बर्फातून.

गवताची कांडी भाचीच्या खिडकीत ठेवून आलोय. परवा फोनवर म्हणाली, ‘‘अजून सुटली नाही हं, मामा.’’