बॉक्सवरचा ‘१ एमएस’

गेमिंग मॉनिटरच्या बॉक्सवर सगळ्यात ठळक अक्षरांत काय छापलेलं असतं? ‘१ एमएस’. पडद्यावरचा पिक्सेल एका मिलिसेकंदात रंग बदलतो, असा हा दावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीला येणारी मुलं आधी हाच आकडा विचारतात आणि पैसे मोजणारे आईवडीलही त्याच्यावरच भरवसा ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे, या आकड्याकडे बघून मॉनिटर घेऊच नये.

हा आकडा निघतो कसा ते बघा. करड्या रंगाच्या एका छटेवरून दुसरीवर जायला पिक्सेलला लागणारा वेळ मोजतात, त्याला जीटीजी म्हणतात. पण या बदलाचा पहिला आणि शेवटचा दहा-दहा टक्के भाग मोजणीत धरायचाच नाही, अशी जुनी पद्धत आहे आणि पिक्सेल बऱ्याचदा नेमका शेवटीच रेंगाळतो. शिवाय छटांच्या अनेक जोड्यांमधली जी सगळ्यात वेगवान, तिचाच आकडा छापता येतो. तोही बहुधा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला घाईने बदलायला लावणारं सेटिंग, सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून मिळवलेला. त्या पायरीवर एकदा गेम चालवून बघा. पिक्सेलला इतका जोर दिलेला असतो की तो हव्या त्या छटेच्या पुढे जाऊन मागे येतो आणि पळणाऱ्या पात्रामागे एक उजळ कड सरकत राहते. त्या सेटिंगवर कोणी दहा मिनिटंही खेळणार नाही.

काही बॉक्सवर त्याच आकड्याशेजारी बारीक अक्षरांत ‘एमपीआरटी’ लिहिलेलं असतं. ही मोजणीच निराळी. इथे पडद्यामागचा दिवा दर फ्रेमला क्षणभरच पेटतो. चित्र रेखीव होतं हे खरं, पण पडदा अंधारतो आणि बऱ्याच मॉनिटरवर पडद्याचा वेग ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी जुळवणारं अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकही बंद पडतं. मग कार्डाचा वेग खालीवर झाला की चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं.

प्रामाणिक मोजणी करता येते, हे पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने २०२२ मध्येच दाखवून दिलं. तिच्या ‘अ‍ॅडॅप्टिव्हसिंक डिस्प्ले’ चाचणीत मॉनिटर कारखान्यातून आला तसाच तपासतात, छटांच्या २० बदलांची सरासरी काढतात आणि उजळ कडेवरही मर्यादा घालतात. तिथे पास होण्याची अट काय? सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आत. जिथे चाचणी कसून होते तिथे रेघच पाचवर आखली आहे, मग साध्या मॉनिटरवरच्या एकाला काय किंमत द्यायची? भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉनिटरवर अशी सरासरी छापणं बंधनकारक व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

खरं तर हालचालीतला पुसटपणा मुख्यतः रिफ्रेश रेटवर, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो त्यावर ठरतो. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद जागचं हलत नाही. नजर मात्र गेममधल्या शत्रूच्या मागे सरकत असते, म्हणून तो फराटा दिसतो. ओएलईडीवर पिक्सेल जवळजवळ तत्क्षणी बदलतो, तरी ६० हर्ट्झला हा फराटा राहतोच. १४४ हर्ट्झला तोच वेळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो, २४० ला ४.२ वर, ३६० ला २.८ वर. पहिल्या उडीत जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, शेवटच्या उडीत दीडही नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक स्पर्धेसाठी खेळणाऱ्याने २४० जरूर घ्यावा. बाकीच्यांनी १४४ ते १८० वर थांबावं आणि उरलेले पैसे कार्डात घालावेत.

कारण मॉनिटर निवडायचा तो कार्ड बघून. १४४० पीमध्ये १०८० पीच्या पावणेदोन पट पिक्सेल असतात, फोर-केमध्ये चौपट. जीटीएक्स १६५० सारख्या कार्डाला २४ इंची १०८० पी हाच योग्य जोडीदार. त्याच रिझोल्यूशनचा २७ इंची घेतला तर अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतात. २७ इंच हवेत तर १४४० पी घ्या आणि ते पेलणारं कार्डही. पडद्याचं पॅनल शक्यतो आयपीएस प्रकारचं घ्या. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा वळवला की काळे डाग ओघळतात. जास्त उजळ-गडद चित्राचं आश्वासन देणाऱ्या ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

दुकानात बॉक्स उघडायला लावा. विंडोजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट बघा. १४४ चा मॉनिटर जोडला तरी तिथे अनेकदा ६० च निवडलेला असतो आणि कित्येक घरांत तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. जुन्या एचडीएमआय केबलमुळे पुढचा पर्याय दिसत नसेल तर डिस्प्लेपोर्टची केबल मागा. मग मजकुराने भरलेली खिडकी माउसने पकडून इकडून तिकडे ओढा आणि सरकती अक्षरं वाचता येतात का बघा. शेवटी पडदा एकदा पूर्ण काळा, एकदा पूर्ण पांढरा करून मेलेले पिक्सेल शोधा. किती पिक्सेल मेले तर मॉनिटर बदलून मिळेल, हे कंपनीगणिक वेगळं असतं. ते दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या.