छावणीला मान, वस्तीला आग

या आठवड्यात एका सहल कंपनीचं जोहान्सबर्गवरचं पत्रक हाती पडलं. त्यात फेरेरासडॉर्पला 'शहराचं जन्मस्थान' म्हटलं आहे. 1886 साली सोनं सापडलं, कर्नल इग्नेशियस फेरेरानं तळ ठोकला, भोवती खाणवाल्यांचे तंबू पडले आणि शहर उभं राहिलं. सगळं खरं. पण पत्रक तिथेच संपतं, आणि माझा संताप तिथून सुरू होतो. शहराचा इतिहास एकट्या संस्थापकाच्या नावे लावू नका, हे या सदरात मी वारंवार लिहीत आलो आहे.

त्या छावणीपासून जवळच, आज न्यूटाउन आहे तिथे, हिंदी लोकांची वस्ती होती. गोरे तिला 'कुली लोकेशन' म्हणत. छावणीतली धूळ आणि चिखल पुढे धाडसाच्या कथांत जमा झाले. वस्तीतला चिखल मात्र रहिवाशांचा गुन्हा ठरला. लोकांनी जागा 99 वर्षांच्या पट्ट्यानं घेतल्या होत्या. माणसं वाढली, जमीन वाढली नाही. नगरपालिकेनं पायखाने कसेबसे साफ करण्यापलीकडे ना धड रस्ते दिले ना दिवे, असं त्या काळी तिथेच वकिली करणाऱ्या गांधींनी आत्मकथेत नोंदवलं आहे.

मार्च 1904 मध्ये प्लेग आला, तो एका सोन्याच्या खाणीतून. तिथं काम करणारे 23 हिंदी मजूर तापानं फणफणत वस्तीत परतले. गांधींचे सहकारी मदनजित यांनी एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून त्यांना आत निजवलं. गांधी आणि डॉ. गॉडफ्रे रात्रभर शुश्रूषेला बसले. पुढे सगळ्या वस्तीला शहराबाहेर क्लिपस्प्रूटला तंबूंत हलवलं. निघण्याआधी लोकांनी जमिनीत पुरलेली पुंजी उकरून काढली आणि सांभाळायला गांधींकडे दिली. मग वस्ती पेटवण्यात आली. रोग खाणीतून आला, पण घरं जळाली मजुरांची.

आणि खाणींच्या खुणांचं काय झालं? 1986 मध्ये स्टँडर्ड बँकेच्या इमारतीचा पाया खणताना फेरेरा खाणीतली जुनी पोकळी सापडली. ती तळघरात जतन केली आहे. खडकावर कुदळीचे घाव दिसतात. ते जपलं हे उत्तमच झालं. पण कुदळ चालवणारे हात कोणाचे होते, ते राहत कुठे आणि त्यांना हुसकावलं कोणी, हे त्याच दमात सांगायला हवं.

मुंबईतही 1896 च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं गरिबांच्या चाळी पाडून रस्ते रुंद केले. माझं मत ठाम आहे: दोन्हीकडे साथ हे निमित्त होतं, डोळा जमिनीवर होता.

म्हणून फेरेरासडॉर्प दाखवणाऱ्यानं त्याच फेरीत पाहुण्यांना न्यूटाउनला न्यावं, 1904 ची आग सांगावी आणि तिथून उठवलेली माणसं कुठे गेली तेही सांगावं. एवढं सांगितल्याशिवाय जन्मस्थान हा शब्द कोणत्याही पत्रकात छापू नये.