बंबाच्या जागी काय?

मराठी घरातला बंब आणि कन्नड घरातलं हंडे, दोघांचं काम एकच, पहाटेचं कढत पाणी. दिवाळीत तर त्याचा मान मोठा. 'नीरु तुंबुव हब्ब' म्हणजे हंडे घासून, सजवून पाणी भरण्याचा सण. आपल्याकडेही अभ्यंगस्नानाआधी बंब चिंचेनं लखलखीत होतोच.

पण आता हे बंब गळू लागलेत आणि डाग देणारा कारागीर सापडत नाही. आपल्या कित्येक वाचकांचे सोयरे निर्मल भागात आहेत. त्यातला मुधोळ तालुका 1956 च्या प्रांतरचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता. 2016 साली निर्मल हा आदिलाबादेतून वेगळा जिल्हा झाला, थंडी मात्र दोघांत सामाईकच राहिली! काही पहाटे पारा 10 अंशांखाली जातो. कापसाच्या मुलखात पऱ्हाट्यांना तोटा नाही, पण पाच वाजता उठून धुरात फुंकणी घेऊन बसायचं कुणी? बहुधा घरातल्या सुनेनंच. तेव्हा बंब बदलायचा तर नीट विचार करून बदलू या.

आधी हिशेब. वीस लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. चौघांच्या रोज चार बादल्या धरल्या, तर महिन्याला सुमारे 70 युनिट. तेच काम गॅसवर केलं तर 14.2 किलोचा साधारण अर्धा सिलिंडर जातो. आपल्या गावचे दर लावून पाहा.

गॅस गिझर स्वस्त, आटोपशीर, पाणी झटपट. पण मंडळी, इथे जिवाशी गाठ आहे. बंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस आपोआप बाहेर पळतो. बंद न्हाणीघरात गॅस जळताना हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. थंडीमुळे खिडकीही लावलेली असते. डोकं जड होतं, गरगरतं आणि कडी काढण्याआधीच शुद्ध हरपते. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवा आणि नळीनं पाणी आत घ्या. तशी सोय नसेल, तर तो घेऊच नका.

भाड्याच्या घरात विजेचा साठवणीचा गिझर बरा. घर बदललं तर काढून नेता येतो. ऊर्जाबचतीचे तारे पाहून घ्या. अर्थिंग तपासल्याशिवाय आणि जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असल्याशिवाय चालू करू नका. उष्णता 50-55 अंशांवर ठेवली, तर बोअरच्या जड पाण्याचा थर कमी साचतो आणि वीजही वाचते.

स्वतःची गच्ची असेल, तर माझं मत सूर्याच्या पारड्यात. निर्मलकडे कडाका पडतो तो बहुधा आभाळ निरभ्र असतानाच. म्हणजे पाण्याची गरज आणि ऊन, दोन्ही एकाच ऋतूत! आभाळ भरून येतं ते पावसाळ्यात, तेव्हा टाकीतली विजेची कॉइल कामी येते. चौघांच्या बादलीस्नानाला साधारण 100 लिटरचा संच पुरतो. पाणी जड असेल, तर तांब्याच्या बारीक नळ्या थरानं तुंबतात, म्हणून काचेच्या ट्यूबचा संच बरा पडतो. सुरुवातीचा खर्च जास्त आहे, पण पुढे महिन्याचं बिल जवळजवळ नाही.

आणि बंब? लगेच मोडीत घालू नका. तांबं कुठे जात नाही, आणि नीरु तुंबुव हब्बाला पुजायला हंडे हवंच की! नवी सोय मात्र दिवाळीपूर्वी करून घ्या. थंडी दाराशी आली, की घाईत पहिला स्वस्त गिझर घरात येतो आणि तो नेमका न्हाणीघरातच बसतो.