यंत्र आले, चावडी कोठे गेली?

शिरूर तालुक्यातील, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडच्या घोडनदी भागातील, कवठे येमाई हे गाव लोककलेच्या रसिकांना चांगले परिचित आहे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. त्यांच्या लावण्या आणि वगनाट्ये तमाशाच्या फडांनी गावोगावच्या यात्राजत्रांत नेली. कवठ्याची बोली समजून घेण्यासाठी महाराष्ट्राला कधी दुभाष्याची गरज भासली नाही. मात्र त्याच मातीतील शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर त्याच्याच शासनाचा संदेश येतो, तेव्हा तो पुष्कळदा इंग्रजीत असतो आणि शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बोलावून वाचून घ्यावा लागतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही इंग्रजीतले दोन शब्द मात्र आता पाठ झाले आहेत. ते शब्द म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’.

पूर्वी कचेरीत गेल्यावर “साहेब दौऱ्यावर आहेत” असे उत्तर मिळे. आज “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या” असे मिळते. साहेब निदान केव्हातरी परत येत. त्यांच्याविरुद्ध तक्रार करता येई, निवडणुकीच्या काळात आमदाराकडून त्यांना चार शब्द ऐकवता येत. या नव्या साहेबाला चेहरा नाही, पत्ता नाही आणि बदलीची भीतीही नाही. गेल्या दोन दशकांत शासनाच्या आधुनिकीकरणाने पुष्कळ काही मिळवले, परंतु एका प्रश्नाला ते सातत्याने बगल देत आले आहे. हे यंत्र कोणाला उत्तरदायी आहे?

कायद्याचे घड्याळ

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. २०१५ साली ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम’ झाला. अधिसूचित सेवा ठरावीक दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. विलंब झाल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील आणि त्यानंतर आयोगापर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. कायदा उत्तम आहे. पण या कायद्याचे घड्याळ केव्हा चालू होते? अर्ज दाखल होऊन त्याची पोच मिळते तेव्हा. संकेतस्थळ बंद असेल, अंगठ्याचा ठसा यंत्राला पटत नसेल, जोडलेले कागदपत्र ‘चढत’ नसेल, तर अर्जच दाखल होत नाही. अर्ज नाही म्हणून पोच नाही, पोच नाही म्हणून विलंब नाही आणि विलंब नाही म्हणून कोणी दोषीही नाही. तीन हेलपाटे घालून, तीन दिवसांची मजुरी बुडवून घरी परतलेला माणूस सरकारी नोंदीत कधी आलेलाच नसतो. आकडेवारी निर्दोष आणि नागरिक रिकाम्या हाती, ही किमया जुन्या दप्तरशाहीलाही कधी साधली नव्हती.

आमचा यंत्राला विरोध नाही

एवढे लिहिले की काही विद्वान लगेच आम्हाला बैलगाडीच्या युगात बसवतील. त्यांना इतिहासाचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. या भूमीने राज्यकारभाराच्या नव्या साधनांचा कधीही तिरस्कार केला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली, ती पाच हात पाच मुठींच्या प्रमाणित काठीने. त्या युगातील ते प्रशासकीय तंत्रज्ञानच होते. त्याच महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला आणि फारसी शब्दांच्या ओझ्याखाली दबलेल्या कारभाराला स्वभाषेचे शब्द दिले. मोजणीची काठी आणि भाषेचा कोश अशी दोन्ही साधने स्वराज्याने बरोबरीने हाती धरली. आपण आज काठीच्या जागी उपग्रह आणला आणि कोश मात्र फडताळात ठेवून दिला.

अलीकडचे उदाहरण तर पुण्याचेच आहे. अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. मूळचे अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातील भटकर महासंगणक घडवू शकतात, हे जगाने पाहिले. भारतीय लिप्या संगणकावर सुलभतेने उमटाव्यात यासाठीही याच संस्थेने मोठे काम केले. म्हणजे मराठीत संगणक चालवण्याची विद्या आपल्याकडे तीन दशकांहून अधिक काळ आहे. उणीव विद्येची नव्हती, इच्छाशक्तीची होती.

यश मिळाले तेथे ते मान्यही केले पाहिजे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपयांत, तलाठ्याच्या दारात न ताटकळता, उतारा घरबसल्या मिळू लागला. पिढ्यान्‌पिढ्यांचा एक जाच त्याने कमी केला. ज्या शेतकऱ्याने उताऱ्यासाठी आर्जवे केली आहेत, त्यालाच या सुधारणेचे मोल कळेल. परंतु हा उतारा विश्वासार्ह कसा झाला, ही कथा मुंबईच्या सादरीकरणांत फारशी सांगितली जात नाही. ती सांगणे भाग आहे, कारण तिच्यातच आमच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

तीन पुरावे

हस्तलिखित सातबारा संगणकात भरताना असंख्य चुका झाल्या. कोठे क्षेत्र बदलले, कोठे नाव गळाले, कोठे बोजा राहून गेला. यांतील पुष्कळ चुका केवळ आज्ञावलीला सापडण्यासारख्या नव्हत्या. २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडी वाचन’ झाले. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचला गेला आणि गावाने सांगितले, “हा गट यांचा नाही, हिचे नाव राहिले, ही विहीर सामाईक आहे.” यंत्राने चावडीसमोर उभे राहून आपला हिशेब दिला, म्हणून सातबारा शुद्ध झाला.

दुसरा पुरावाही पुणे जिल्ह्यातलाच. गावठाणातील घरांच्या ड्रोनद्वारे मोजणीचा प्रारंभिक प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी घोषित केली. वृत्तपत्रांनी ड्रोनची छायाचित्रे छापली. पण ड्रोन उडण्यापूर्वी काय होते? गावकरी आणि कर्मचारी मिळून प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखतात. आकाशातल्या त्या महागड्या डोळ्याला जी हद्द दिसते, ती म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांनी संमतीने ओढलेली चुन्याची रेघ. ती रेघ नसेल तर ड्रोनला फक्त कौले आणि पत्रे दिसतील. मालकी दिसणार नाही.

तिसरा पुरावा शिरूरच्या कांदा उत्पादकाच्या जिव्हाळ्याचा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ‘ई-पीक पाहणी’ आली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावयाची होती. कल्पना स्तुत्यच होती. २०२३ साली कांद्याचे भाव कोसळले आणि शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान घोषित केले. मात्र अट अशी की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. ज्याच्याकडे साधा फोन, ज्याच्या शिवारात नेटवर्क नाही, ज्याला नोंदीची मुदतच कळली नाही, त्याचा कांदा बाजार समितीत विकला गेला, पट्टी हातात आली, पण यंत्राच्या लेखी तो कांदा पिकलाच नव्हता! ओरड झाली आणि अखेरीस गावपातळीवरील समितीने खातरजमा करावी, असा मार्ग काढावा लागला. म्हणजे पुन्हा चावडीच. शेतात कांदा होता की नव्हता, हे त्या गावाला कोणत्याही ॲपच्या आधी ठाऊक होते.

या तिन्ही प्रसंगांचा निष्कर्ष एकच निघतो. तंत्रज्ञान गावाला उत्तरदायी राहिले तेथे ते यशस्वी झाले. त्याने गावाला डावलले तेथे गावालाच बोलावून चूक निस्तरावी लागली.

नेतृत्व कोणाचे?

असे असूनही या परिवर्तनात गावाला स्थान कोणते? ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींना ‘स्वराज्य संस्था’ म्हणून घटनात्मक प्रतिष्ठा लाभली. त्यानंतर २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प आला, २०१६ नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ आली. केंद्रे ग्रामपंचायतीत बसली, त्यांच्या खर्चासाठी वित्त आयोगाच्या निधीतील ग्रामपंचायतींच्या वाट्याला हात घातला गेला. पण यंत्रणा कोणती घ्यावी, कंपनी कोणती असावी, कोणता नमुना कोणत्या भाषेत असावा, यांपैकी कशाचाही निर्णय ग्रामसभेला विचारून झाला नाही. पैसा गावाचा, जागा गावाची, शिव्या सरपंचाला आणि निर्णय मात्र दूरच्या वातानुकूलित दालनातील सल्लागाराचा! ज्या संगणक परिचालकाच्या बोटांवर हा सारा डोलारा उभा राहिला, तो मानधनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिला. ज्याला उद्याची शाश्वती नाही, त्याच्या हाती गावाच्या नोंदी सोपवून आपण आधुनिक झालो म्हणायचे काय?

येथे आपल्याच विचारांच्या मंडळींनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. सत्तेवर कोणीही असो, ॲपची संख्या मोजून सुशासनाची ग्वाही देण्याचा मोह सर्वांनाच होतो. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. त्यात यंत्राचाही विचार होता आणि यंत्र माणसाच्या साहाय्याला असावे, त्याचे धनी होऊ नये, हे त्याचे सार होते. अंत्योदयाची कसोटी रांगेतील शेवटच्या माणसावर लागते, संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर नव्हे. ज्याची बोटे खुरपे धरून झिजली, त्याचा ठसा उमटत नाही म्हणून त्याचे धान्य अडत असेल, तर तेथे अंत्योदय झालेला नाही, हे आपणच प्रथम बोलले पाहिजे.

भाषेचे तसेच. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. स्थानिक प्राधिकरणांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. प्रत्येक शासकीय अर्जाच्या माथ्यावर असणारे ‘क्रमांक’ आणि ‘दिनांक’ हे शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीने रुजवले. कागदावर मराठी आली. पडद्यावर मात्र ती पाहुणी म्हणून येते, तीही बहुधा यांत्रिक भाषांतराची ठिगळे लावून. सूचना मराठीत आणि त्रुटीचा संदेश इंग्रजीत, असा प्रकार सर्रास दिसतो. म्हणजे सर्व सुरळीत असेल तेव्हा राजभाषा आणि नागरिक अडला की साहेबाची भाषा!

हे सारे आजच बोलण्याचे कारण आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने कृषी क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण स्वीकारले. पुढील यंत्रे केवळ नोंद करणार नाहीत, ती निर्णयही सुचवतील. नोंदीतली चूक निदान दाखवता येते. बुद्धिमान यंत्राने ‘अपात्र’ ठरवले, तर का ठरवले, हे तहसीलदारालाही सांगता येणार नाही, असा दिवस फार दूर नाही. त्याआधी चावडीचा अधिकार पुनःस्थापित झाला पाहिजे.

त्यासाठी खर्च फारसा नाही. नवी कोणतीही प्रणाली सक्तीची करण्यापूर्वी ती ग्रामसभेत वाचून, चालवून दाखवावी. यंत्रणा बंद असेल त्या दिवशी अर्ज कागदावर घेऊन शिक्क्याची पोच द्यावी आणि लोकसेवा हक्काची मुदत त्याच दिवसापासून मोजावी. यंत्रणा किती तास बंद होती, याचा फलक ग्रामपंचायतीबाहेर लावावा. नागरिकाला जाणारा प्रत्येक संदेश, विशेषतः नकाराचा, शुद्ध मराठीत असावा. यंत्राची चूक सिद्ध करण्याचा भार नागरिकावर न टाकता गावसमितीच्या पंचनाम्याला मान द्यावा. आणि परिचालकाला कायम, प्रशिक्षित ग्रामसेवकाचा दर्जा द्यावा.

यांपैकी पहिल्या मागणीसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या ग्रामसभेत कवठे येमाईच्या किंवा कोणत्याही गावच्या तरुणांनी एवढाच ठराव मांडावा, की आमच्या गावात यंत्र येईल ते चावडीवर हिशेब देऊनच चालेल. छत्रपतींच्या मुलखात अधिकाऱ्यालाही रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावण्याची मुभा नव्हती. त्या मुलखात रयतेचा सातबारा, तिचे पीक आणि तिचे नाव एका अनुत्तरदायी पडद्याच्या स्वाधीन करणे स्वराज्याला शोभणारे नाही.