समुपदेशकाकडे जा, आणि प्रश्न विचारा

समुपदेशकाकडे जायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘तुला काय वेड लागलंय का?’ आणि दुसरा, ‘नुसतं बोलून काय होणार?’ पहिल्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. दुसरा मात्र रास्त आहे.

समुपदेशनाच्या पद्धती अनेक. कार्ल रॉजर्स यांचा भर माणसाला नावं न ठेवता ऐकून घेण्यावर होता. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विचार तपासून पाहण्याची रीत बसवली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. एकात्मिक पद्धतीचा समुपदेशक यांपैकी एकीलाच चिकटून बसत नाही. समोरच्या माणसाला या घडीला काय उपयोगी पडेल, ते पाहून तो मार्ग ठरवतो.

समजा, नोकरीच्या धास्तीने तुमची झोप उडाली आहे. पहिल्या भेटीत तो बहुधा ऐकूनच घेईल. मग वहीत तीन रकाने आखायला सांगेल: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. ‘साहेबांनी फोन उचलला नाही’, ‘आता मला काढणार’, आणि तिसऱ्या रकान्यात काहीच नाही! आपल्याच हाताने आखलेला तो रकाना रिकामा दिसला, की धास्तीचा जोर थोडा ओसरतो. तरीही कोणी आवाज चढवला की हातपाय गार पडत असतील, तर तो लहानपणीच्या घराविषयी विचारेल. हे सगळं एका बैठकीत होत नाही. ‘काय करू ते सांगा’ म्हणून आयता सल्ला मागू नका. निर्णय तुमचाच राहतो.

मात्र ‘सगळ्या पद्धती वापरतो’ म्हणजे मनाला येईल ते करतो, असं नव्हे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: शिक्षण आणि प्रशिक्षण कुठलं? माझ्यासाठी हीच पद्धत का? फी किती? फरक पडतोय हे कसं ओळखायचं? माझं बोलणं कोणाला आणि कधी कळू शकतं? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही. काही भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर तसं स्पष्ट सांगा. हवं तर दुसरा शोधा.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या असतील, तर समुपदेशन सुरू झालं म्हणून त्या परस्पर बंद करू नका. गोळ्या लिहून देणं किंवा बंद करणं हे डॉक्टरांचं काम. जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहत बसू नका. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

ताप अंगावर काढू नये, हे आपण घरातल्यांना बजावतोच. मनाचं दुखणंही अंगावर काढू नका, आणि घरात कोणी ‘मला बोलायचंय’ म्हणालं, तर त्याची थट्टा करू नका.