कुळांचा कुलवृत्तांत

मराठीत 'कुळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घराणे आणि दुसरा, दुसऱ्याची जमीन कसणारा. आपल्या ग्रंथालयात पहिल्या अर्थाच्या कुळांचे जाडजूड कुलवृत्तांत आहेत. गोत्र, मूळ गाव, वंशवृक्ष, सारे छापलेले. दुसऱ्या अर्थाच्या कुळांचे, म्हणजे आमचे, एक पानही नाही. खोताच्या सात पिढ्या सापडतात. त्याच्या शेतात राबणाऱ्याच्या तीन सांगताना घरची म्हातारी अडखळते.

आणि गंमत पाहा, वंशावळ मागितली जाते ती आमच्याचकडे! इतर मागासवर्गीय विद्यार्थ्याला जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवास व जात दाखवावी लागते, सोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. ज्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिले नाही, तिथे जुना कागद म्हणजे कोतवाल बुकातली मोडी नोंद. पणजोबांची ती मिळाली. त्यांचे नाव, बापाचे नाव, जात. आडनाव नाही! ते वडिलांना शाळेत घालताना लागले. मग हे पणजोबा तुमचेच कशावरून, असा प्रश्न होतो.

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. आपल्याकडे आडनाव हा रक्ताचा पुरावा कधी होता? पेणकर म्हणजे पेणचा, रोहेकर म्हणजे रोह्याचा. ही आडनावे बेने इस्रायली कुटुंबांचीही आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोकांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले, आडनाव मात्र गावाचेच. पाटीलकी गावात एखाद-दुसऱ्या घराची. आज खारेपाटात पाटील मोजून पाहावेत! १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद गेले, आडनाव राहिले. फार कशाला, आपला जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा होता. जुन्या दाखल्यावर 'कुलाबा' दिसला म्हणून कोणी तो परक्या जिल्ह्याचा मानत नाही. मग माणसालाच वेगळा न्याय का?

काही मित्र उसनी राजघराणी शोधतात, तेही मला पटत नाही. त्यापेक्षा तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहावेत. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी बहुतेक कसणारे मालक मानले गेले. त्यानंतरच्या वारसनोंदींत पुष्कळदा मुलांबरोबर मुलींची आणि विधवांचीही नावे सापडतात, जी घरच्या वंशावळीत कोणी लिहीत नाही. माझ्या आजीचे तर सासरी आल्यावर पहिले नावही बदलले. माहेरचे नाव तिने मला गेल्या दिवाळीत सांगितले, ते मी वहीत लिहून ठेवले आहे. तिच्या आईचे नाव मात्र तिला आठवत नाही. ते विचारायला तिच्या माहेरी, रोह्याकडे जायचे आहे.